पुढच्या फळीवर कोण?

ओलेपणाबद्दल मराठी भाषेचं नेमकं मत काय आहे, हे मला पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवूनही कळलेलं नाही. माणूस कोरडा असला की आपण त्याला नावं ठेवतो. कोरडे आभार, कोरडी सहानुभूती, कोरडा उपदेश ही सगळी हलक्या प्रतीची मालं. बोलण्यात ओलावा असला की माणूस चांगला. पण हाच ओलावा भिंतीत दिसला, की आपण घरमालकाशी भांडायला निघतो. दुष्काळ कोरडा असतो तसा ओलाही असतो, आणि आमच्या विदर्भात तर कधीकधी दोघेही एकाच वर्षी मुक्कामाला येतात. 'ओली पार्टी' म्हटलं की मात्र भल्याभल्यांचे सुकलेले चेहरे टवटवीत होतात. थोडक्यात काय, मन ओलं असावं, अंग कोरडं असावं आणि घसा प्रसंगानुसार, असा काहीसा आपला मध्यमवर्गीय आदर्श आहे.

हा आदर्श जमिनीवर बराचसा पाळता येतो. लहान होडीत तो पाळता येत नाही. इतकंच नव्हे, तर होडीत अंग कोरडं ठेवायची धडपड सुरू झाली, की मनाचा ओलावा किती खरा होता तेही उघडं पडतं.

आता तुम्ही म्हणाल, वाशीमच्या माणसानं होड्यांवर बोलायचं म्हणजे उंटानं पोहण्याचे वर्ग घेण्यासारखं आहे. त्यातून आमच्या गावाबद्दल मुंबईकडे एक कायमचा गैरसमज आहे. 'वाशीम' म्हटलं की तिकडच्या माणसाला 'वाशी' ऐकू येतं. मग "वा, खाडीचा वारा छान येत असेल तुमच्याकडे," असं कौतुक होतं. शेवटच्या 'म'वर जोर देऊन देऊन माझे ओठ दुखायला लागले, पण खाडी काही आटत नाही.

समुद्र नसला तरी बुडणं आणि तरंगणं आम्हाला ठाऊक आहे. इंग्रजांच्या काळी 'बासिम' नावाचा आमचा स्वतंत्र जिल्हा होता. तो १९०५ साली मोडला आणि अकोल्याच्या पोटात बुडाला, तो थेट १ जुलै १९९८ रोजी वाशीम या नावानं पुन्हा वर आला. त्र्याण्णव वर्षं श्वास रोखून धरणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. शिवाय आम्हाला समुद्र नाही, पण आम्ही दोन समुद्रांना पाणी पुरवतो. पैनगंगेचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं नाव बदलत बदलत बंगालच्या उपसागराला जातं. आणि आमच्याच जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेत, पूर्णा तापीत आणि तापी अरबी समुद्रात. एकाच ढगाचा पाऊस शेजारच्या दोन शेतांत पडावा आणि एकानं पूर्वेची गाडी धरावी, दुसऱ्यानं पश्चिमेची, असा आमचा कारभार आहे. मधल्या वाटेवर जे पाणी आम्ही अडवलं, ते धरणांत आणि तलावांत आहे. एकबुर्जीचं पाणी तर वाशीमकर रोज पितात.

या पाण्यावर भोई मंडळी मासे धरतात. कुणी ट्रकच्या ट्यूबवर बसून, कुणी थर्माकोलच्या तुकड्यांच्या तराफ्यावर, आणि ज्याची ऐपत असेल तो फळ्यांच्या किंवा पत्र्याच्या सपाट होडीतून. आमच्या विदर्भात तिला डोंगा म्हणायचीही रीत आहे. धरणाचं पाणी काठाकडे गुडघाभर, कमरेएवढं असतं. खाली जुने बांध, बाभळीची खोडं, कुणाच्या तरी विहिरीचा कठडा. तिथं खोल बुडाची होडी घातली तर ती लगेच बसकण मारते. म्हणून बूड सपाट, काठ ठेंगणे आणि एकूण चेहरामोहरा पोळपाटाला कड लावल्यासारखा.

पण पोळपाटाचे गुण घेतले की दोषही घ्यावे लागतात. टोकदार बुडाची होडी लाट कापत जाते, तर सपाट होडी लाटेच्या थोबाडीत मारते. आणि थोबाडीत मारल्यावर समोरचा थुंकणार नाही तर काय करणार? ते पाणी होडीच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखं उडतं. ज्या बाजूनं वारा असतो, त्या बाजूचं पाणी वारा उचलून परत होडीत आणून टाकतो. त्यात उथळ पाण्याच्या लाटा आखूड आणि उभ्या असतात. तळ जवळ असल्यामुळे त्यांना पाय पसरायला जागा नसते, म्हणून त्या दाटीवाटीनं, एकीच्या पाठीवर एक अशा येतात. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण मी वर्गात दरवर्षी शिकवायचो, आणि दरवर्षी मुलं मागच्या बाकावरच्या एका विशिष्ट मुलाकडे बघायची. ती म्हण नीतिशास्त्रातली नसून पदार्थविज्ञानातली आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

यावर उपाय माणसानं शोधले नाहीत असं नाही. होडीच्या पुढच्या टोकाला दर्यावर्दी लोक नाळ म्हणतात. ती वर उचललेली आणि बाहेर पसरलेली ठेवली की पाणी बाहेरच्या बाहेर फेकलं जातं. बाजूला एक उभी-आडवी पट्टी ठोकली की उडणारं पाणी तिला आपटून खाली पडतं. पुढे ताडपत्रीचा आडोसा बांधता येतो. काठ उंच करता येतात. पण मग त्यांना वारा लागतो आणि होडी म्हणेल तिकडे न जाता वारा म्हणेल तिकडे जाते. वजन मागे सरकवलं की नाळ वर येते आणि भिजणं कमी होतं. पण फार मागे सरकवलं की मागच्या काठावरून पाणी आत शिरतं. म्हणजे एवढी कारागिरी करूनही कुणीतरी भिजायचं ते भिजतंच. प्रश्न उरतो तो एकच, कुणी?

इथं होडीतलं न्यायशास्त्र सुरू होतं. सगळ्यात पुढे बसणारा सगळ्यात जास्त भिजतो. वाऱ्याच्या बाजूला बसणारा त्याच्या खालोखाल. मागे बसणारा जवळजवळ कोरडा. आणि होडी कुठं न्यायची, किती जोरात न्यायची, हे मागे बसून ठरतं!

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आमच्या आत्याबाईंचं माहेर जिल्ह्यातल्याच एका धरणात गेलं. गाव गेलं, पण मारुती टेकडीवर होता म्हणून वाचला. देवसुद्धा जागा बघून बसतात. त्या मारुतीला रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, पाण्यातून जायचं तर वीस मिनिटं. आम्ही पाच जण निघालो. आत्याबाई, आमची सौभाग्यवती, तिचे पुण्याहून आलेले बंधू, माझे साडू आणि मी. मेहुण्यांच्या अंगावर असा सदरा होता, की त्याची इस्त्री मोडेल म्हणून ते श्वासही बेतानं घेत होते. साडू बँकेतले मोठे अधिकारी. ते कुठंही बसले तरी ती खुर्ची आपोआप हेड ऑफिस होते.

नावाडी साठीचा होता. त्यानं आधी गुडघाभर पाण्यात उतरून होडी ढकलली, मग आम्हाला एकेक करून जागा दिल्या. मागच्या फळीवर यंत्राशेजारी साडू, कारण ते वजनानं भारी. होडीच्या भाषेत पद आणि वजन या निराळ्या गोष्टी आहेत, पण साडूंनी तो मान म्हणूनच घेतला. मध्ये आम्ही नवराबायको. मध्यमवर्गीय माणसाला मधली फळी, यात काही गैर नाही. आमच्या पुढे मेहुणे. आणि अगदी पुढे आत्याबाई, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. त्यांनी ती जागा मागून घेतली होती. "मले माहं गाव दिसलं पाह्यजे," म्हणाल्या. गाव पाण्याखाली तीस फूट होतं. पण ते त्यांना आमच्यापेक्षा स्पष्ट दिसत असावं.

काठ सोडेपर्यंत सगळं छान होतं. मोकळ्या पाण्यात आलो, वारा सुटला, आणि पहिली लाट फुटली ती आत्याबाईंच्या अंगावर. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि हसल्या. दुसऱ्या लाटेचे चार थेंब मेहुण्यांच्या सदऱ्यावर पडले. ते हसले नाहीत. ते वाऱ्याच्या उलट्या बाजूला सरकले. आमची ही भावाच्या प्रेमानं तिकडेच सरकली. त्याच वेळी मागून साडूंचा आवाज आला, "अहो, जरा जोरात घ्या की. किती वेळ लावता!"

नावाड्यानं यंत्र हळू केलं. साडूंना वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. पण तो म्हणाला, "सायेब, घाई नेहमी मागच्या फळीवर असते." आणि मेहुण्यांकडे बघून, "पाहुणे, तुमी जिकडं कोरडं पाहून रायले ना, तिकडचा काठ पाहा."

आम्ही पाहिलं. वाऱ्याच्या बाजूला नुसता आवाज होता, फवारा होता, आरडाओरडा होता. पण उलट्या बाजूचा काठ, जिथं कोरडं राहायला ही भावंडं सरकली होती, तो पाण्यापासून चार बोटांवर आला होता. तिथं काही आवाज नव्हता. काठावरून पाणी हळूच, सभ्य माणसासारखं, आत येत होतं.

मेहुणे मुकाट्यानं मध्ये आले. नावाड्यानं ऑइलचा कापलेला डबा उचलला आणि साडूंच्या हातात दिला. "सायेब, तुमी कोरडे हा ना? मंग उपसा." साडूंनी इकडेतिकडे पाहिलं. शिपाई नव्हता. त्यांनी उपसायला सुरुवात केली. मग नावाड्यानं पुढे हाक मारली, "आत्याबाई, जमते का? का आणखी हळू घेऊ?"

"घे रे बाप्पा," आत्याबाई म्हणाल्या, "मी काय मिठाची हावो?"

त्या वीस मिनिटांच्या प्रवासाला पस्तीस मिनिटं लागली. मारुतीच्या पायरीशी उतरलो तेव्हा आत्याबाई पूर्ण ओल्या, आम्ही अर्धे ओले आणि साडू घामानं ओले होते. इतकी न्याय्य वाटणी मी आयुष्यात फार कमी वेळा पाहिली आहे.

मोठमोठ्या तत्त्ववेत्त्यांनी होडीवर पुष्कळ विचार केलेला आहे, नाही असं नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कार्निआडीस नावाचा एक ग्रीक होऊन गेला. त्याच्या नावावर असलेलं कोडं असं, की जहाज फुटलं, फळी एक, माणसं दोन. एकानं दुसऱ्याला ढकलून दिलं तर तो खुनी का? पुढे १९७४ साली अमेरिकेत गॅरेट हार्डिन या प्राध्यापकानं सगळं जगच लाइफबोटींत बसवलं. एकेका श्रीमंत देशाची एकेक बोट, आत पन्नास माणसं, फार तर आणखी दहांची जागा, आणि पाण्यात हात वर करून शंभर. त्याचा सल्ला होता, की कुणालाच आत घेऊ नका. असा सल्ला द्यायला माणूस आधी बोटीत बसलेला असावा लागतो, हे उघड आहे.

पण या दोघांनीही प्रश्न केला तो बुडण्याचा. आता मला सांगा, तुमच्या-माझ्या आयुष्यात फळीवरून कुणाला ढकलायचे प्रसंग किती वेळा येतात? हाउसिंग सोसायटीच्या सभा सोडल्या तर जवळजवळ नाहीच. आपल्याला रोज भेडसावणारा प्रश्न बुडण्याचा नसून भिजण्याचा आहे. कुणी मरणार नसतं, फक्त कुणाच्या तरी अंगावर उडणार असतं. आणि मरणार नाही म्हटल्यावर आपण त्याला नीतीचा प्रश्न मानतच नाही.

पावसाळ्यात एसटीची काच बंद होत नाही. खिडकीशी कोण बसतं? घरातलं लहान मूल, कारण "तुला खिडकी आवडते ना?" कचेरीत नियम वरून निघतो, तो बनवणारा आतल्या खोलीत असतो, आणि लोकांच्या रागाचा फवारा बसतो तो खिडकीवरच्या कारकुनाला. बँकेचं यंत्र बंद पडतं आणि शिव्या खातो तो दारातला पहारेकरी. लग्नात जेवण कमी पडलं, की यजमान आहेरात गुंतलेले असतात आणि पानापुढे हात जोडून उभा राहतो वाढपी. मागचा माणूस दिशा ठरवतो, वेग ठरवतो, आणि पुढच्याला म्हणतो, "एवढं काय त्यात? दोन थेंब तर उडाले." थेंबांची संख्या नेहमी कोरडा माणूसच मोजतो, ही गंमत आहे.

होडीतला नावाडीही मागेच बसतो, हे खरं. पण तो सगळ्यांच्या आधी गुडघाभर पाण्यात उतरलेला असतो. कचेरीतल्या किती सुकाणूधाऱ्यांबद्दल असं म्हणता येईल, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

हे सगळं थट्टेवारी नेण्यासारखं असतं तर बरं झालं असतं. पण भिजणं आणि बुडणं यांच्यामध्ये चार बोटांचाच काठ असतो. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या पाण्यात, करमाळा तालुक्यातलं कुगाव ते इंदापूर तालुक्यातलं कळाशी या वाटेवर, अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात एक प्रवासी होडी उलटली आणि सहा जण गेले. ती माणसं काही साहसाला निघाली नव्हती. रस्त्याचा वळसा वाचवायला रोज लोक जातात तशी निघाली होती. वादळाला कुणाचा सदरा आणि कुणाची घाई याच्याशी देणंघेणं नसतं, म्हणून त्या होडीबद्दल मी बोलणार नाही. पण ज्या होड्या अजून चालू आहेत, त्यांच्याबद्दल बोलायला हवं. वारा दिसत असताना "तासाभरानं निघू" म्हणणारा नावाडी आपल्याला आळशी वाटतो. "लाइफ जॅकेट घाला" म्हटलं की कपडे चुरगळतात. "आणखी दोघं बसतील" हे वाक्य कधीही पुढच्या फळीवरून आलेलं मी ऐकलेलं नाही. पुढच्या माणसाला पाण्याची खबर सगळ्यांच्या आधी लागते. पण त्याचं ओरडणं आपण नाजूकपणात जमा करतो. आत्याबाईंसारखी न ओरडणारी असली, तर तिला कणखर म्हणून मोकळे होतो. दोन्हीकडून तिला विचारायचं राहूनच जातं.

त्या नावाड्यानं आम्हाला काही उपदेश केला नाही. त्याला तेवढा वेळही नव्हता, परतीच्या फेरीची माणसं थांबली होती. पण त्याच्या त्या वीस मिनिटांच्या पस्तीस मिनिटांत दोन कलमांची एक घटना लिहिलेली होती. पहिलं कलम, होडीचा वेग जो सगळ्यात जास्त भिजतो त्याला विचारून ठरवायचा. दुसरं कलम, जो सगळ्यात कोरडा आहे त्यानं डबा घ्यायचा. बस्स. त्यानं कोरडं असणं हा गुन्हा ठरवला नाही. साडूंना मागेच बसवलं होतं, कारण होडीला मागे वजन हवंच होतं. पाच जणांनी समान भिजावं असा हट्टही धरला नाही; पाचही जण पुढच्या फळीवर जाऊन बसले तर समता येईल, पण होडी नाकावर उभी राहील. कुणाच्या तरी वाट्याला कोरडी जागा येणारच. फक्त ती जागा हक्काची नसून कामाची आहे, एवढंच त्याचं म्हणणं. कोरडे हात मोकळे असतात. मोकळ्या हातांनी उपसायचं असतं. नाहीतर तो माणूस नुसता कोरडा पाषाण, आणि पाषाणाला होडीत जागा देणं वजनाच्या दृष्टीनंही परवडत नाही.

हे तत्त्वज्ञान मी घरी लागू करून पाहिलं. "आज सगळ्यात कोरडं कोण आहे?" असं मी एका रविवारी मोठ्यानं विचारलं. बेसिनपुढे उभ्या असलेल्या सौभाग्यवतीनं, कोपरापर्यंत साबणाचे हात तसेच ठेवून, वर्तमानपत्रासकट माझ्याकडे नुसतं पाहिलं. सिद्धान्त इतका चटकन समजणारी विद्यार्थिनी मला पस्तीस वर्षांत भेटली नव्हती.

साधुसंतांनी संसाराला भवसागर म्हटलं, देहाला नाव म्हटलं, गुरूला नावाडी म्हटलं; पण या प्रवासात कपडे कितपत भिजतील, याबद्दल मार्गदर्शन फारसं नाही. एका केवटाची गोष्ट मात्र मला या बाबतीत फार महत्त्वाची वाटते. साक्षात प्रभू रामचंद्र गंगेच्या काठावर आले, आणि केवट म्हणाला, आधी पाय धुणार, मगच नावेत घेणार. भाविक लोक यात भक्ती पाहतात, आणि ती आहेच. पण त्या केवटाला धंदाही पक्का कळत असला पाहिजे. नाव सुटण्याआधीच सगळ्यात मोठ्या प्रवाशाचे पाय ओले करून घेतले, की पुढे भिजण्यावरून कुणाची तक्रार येत नाही.

आपल्याकडे मोठी माणसं गाडीतून उतरताना त्यांचे पाय ओले होऊ नयेत म्हणून लाल गालिचा अंथरतात. मला वाटतं, गालिचा राहू द्यावा, शोभा असते त्याला. त्याच्या टोकाशी फक्त एक पाण्याची बादली ठेवावी, आणि बादलीत एक कापलेला डबा.